पूर्णाकाठचे शिंपले

बुलढाणा जिल्ह्यात शेगाव, संग्रामपूर, नांदुऱ्याकडून वाहणारी पूर्णा पुढे चांगदेवजवळ तापीला मिळते. तिच्या खोऱ्यात गाळाचे जाड थर साचले आहेत. अशा जुन्या नदीगाळात नखाएवढे शंख-शिंपलेही टिकून राहू शकतात. ते कसे?

शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. आम्लधर्मी पाण्यात तो हळूहळू विरघळतो. पण या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातली, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातली, माती अल्कधर्मी, चुनखडीचे खडे बाळगणारी. तिथे तो तग धरतो. दुसरी गरज पटकन गाडले जाण्याची. प्राणी मेला की दोन्ही शिंपा उघडतात, प्रवाह त्यांना वेगळं करतो. म्हणून दोन्ही शिंपा जोडलेल्याच सापडल्या, तर समजावं, पुराच्या गाळानं त्याला जागच्या जागी झाकलं. कधी कवच विरघळून जातं, आत भरलेल्या मातीचा साचा तेवढा उरतो.

शिंपल्यांवरून गाळाचं वय काढता येतं, मात्र जपून! गोड्या पाण्यातले हे जीव चुनखडीतला जुना कार्बनही कवचात घेतात. त्यामुळे रेडिओकार्बन पद्धतीनं शिंपला खऱ्या वयापेक्षा म्हातारा दिसू शकतो.

एक कळकळीची विनंती: दरडीत शिंपला दिसला तर उपटू नका. थराची जागा नोंदवून फोटो काढा. थरातून सुटलेला शिंपला आपली निम्मी माहिती गमावतो.