मोफत सॉफ्टवेअर वापरताना



झाशीचं गणेश मंदिर.
१८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचं लग्न इथंच लागलं.
झाशीतल्या मराठी घरांतही लग्नांचे, गणेशोत्सवाचे जुने व्हिडिओ असतील.
त्यातले काही मोबाइलवर चालतच नाहीत.
त्यांचं स्वरूप बदलावं लागतं.

त्यासाठी एखाद्या दिवसापुरतं मोफत वाटलेलं सॉफ्टवेअर मोह घालतं.
पण नोंदणी बहुधा त्याच दिवशी करावी लागते.
पुढच्या सुधारणा सहसा मिळत नाहीत.

माझी पसंती हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरला.
ते कायमचं मोफत आहे.
मात्र त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

आधी छोटा भाग बदलून पाहा.
ओठ आणि आवाज जुळतात ना?

आणि मूळ फाइल पुसू नका.
पुन्हा सांगते,
मूळ फाइल पुसू नका.
रूपांतरात थोडा दर्जा जातो,
आणि गेलेला दर्जा परत मिळत नाही.