कुणी सोडलं, कुणाला सोडावं लागलं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या मांडणीचा गोषवारा)



आज मी एका नावाबद्दल बोलणार आहे. नाव दक्षिण कोरियातलं आहे, 'साम्पो सेदे'. 'साम' म्हणजे तीन, 'पो' म्हणजे सोडून देणं, 'सेदे' म्हणजे पिढी. प्रेम, लग्न आणि मूल या तिन्हींवर पाणी सोडलेली पिढी. २०११ साली तिथल्या एका दैनिकाने हे नाव रूढ केलं.

त्याआधी २००७ मध्ये एका पुस्तकाने याच तरुणांना '८ लाख ८० हजार वॉनची पिढी' म्हटलं होतं. हंगामी, कंत्राटी काम करणाऱ्या विशीतल्यांच्या हाती महिन्याला साधारण एवढंच पडेल, असा तो हिशेब. पुढे घर सुटलं, माणसांशी संबंध सुटले, तेव्हा 'ओपो' म्हणजे पाच सोडलेली पिढी झाली. शेवटी 'एनपो'. किती सोडलं ते मोजणंच थांबलं!

या नावात मुलगे-मुली दोघंही येतात. पण दोघांचं सोडणं सारखं आहे का? मुलाला लग्न परवडत नाही, कारण घर त्याने उभं करावं ही अपेक्षा. मुलीला परवडत नाही, कारण मूल झालं की बहुधा तिचीच नोकरी सुटते. अशा स्त्रियांसाठी 'कारकीर्द खंडित झालेल्या' असा सरकारी शब्दच आहे. २००८ साली त्यांच्यासाठी कायदाही झाला. तरी स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत ३० टक्क्यांच्या आसपास राहिली.

सरकारला मात्र काळजी जन्मदराची. डिसेंबर २०१६ मध्ये कोणत्या भागात मूल होण्याच्या वयाच्या किती स्त्रिया आहेत, याचा नकाशाच प्रसिद्ध झाला. जणू गोठ्यातली मोजदाद! स्त्रिया खवळल्या, तेव्हा तो मागे घ्यावा लागला. २०२३ मध्ये दर स्त्रीमागे मुलांचं प्रमाण ०.७२ वर आलं.

'सोडलेली पिढी' या नावात माझ्या मते एक खोच आहे. ते सोडणाऱ्याकडे बोट दाखवतं, सोडायला लावणाऱ्याकडे नाही. तिथल्या स्त्रियांनी आणखी एक शब्द पुढे आणला. अविवाहितेला 'मिहोन' म्हणत, म्हणजे 'अजून लग्न न झालेली'. त्या स्वतःला 'बिहोन' म्हणू लागल्या, म्हणजे 'लग्नात नसलेली'. 'अजून' गळून पडलं.

आपणही 'टाकलेली' हा शब्द नाकारून 'एकल स्त्री' म्हणू लागलो, ते याचसाठी. तेव्हा आपल्या गटांत एवढं जरूर बोलू या : 'लग्न राहिलेली', 'नोकरी सोडलेली' असं आपण जिला म्हणतो, तिने काय सोडलं आणि तिच्याकडून काय काढून घेतलं गेलं?