क्रोशाच्या कामावरील शेवटचा हात

लग्नघरांतील रुखवत पाहावयास येणाऱ्या बायका लाडू-करंज्यांच्या मनोऱ्यांपुढें क्षणभर थांबतात; परंतु क्रोशाच्या कामापुढें आल्या म्हणजे त्यांचा हात आपोआप पुढें होतो. वस्तूचा एक कोपरा उचलावयाचा, उलटी बाजू पाहावयाची, दोऱ्याचीं टोंकें कोठें लपविलीं आहेत तें शोधावयाचें आणि मग कांहीं न बोलतां वस्तु पुन्हां जागेवर ठेवावयाची, अशी ही परीक्षा असते. सहा-सात महिने खपून विणलेला मेजावरचा गोल रुमाल या परीक्षेंत नापास होतो, तो बहुधा विणींतील चुकीमुळें नव्हे. वीण निर्दोष असते. पण रुमाल पुरता गोल नसतो, कांहीं कंगोरे ताठ तर कांहीं मान टाकलेले असतात, मध्यावर घडीची रेघ उमटलेली असते आणि कडेला एक तांबूस ठिपका दिसतो. शेवटचा मुका खांब लग्नाच्या आदल्या रात्रीं घातलेला असतो व पहाटे त्यावर घाईनें इस्त्री फिरविलेली असते. सात महिन्यांच्या कामास दोन दिवस कमी पडलेले असतात.

हे दोन दिवस कोणी हिशेबांत धरीत नाहीं. या शेवटच्या कामास घरोघर निरनिराळें नांव आहे. कोणी ताणून वाळविणें म्हणतात, कोणी नुसतें खळ देणें म्हणतात, आणि पुष्कळ घरीं तें धुण्याबरोबर उरकून टाकण्याचें काम समजलें जातें. बायकांच्या हातच्या विणकामास फावल्या वेळचा चाळा समजण्याची खोड तर फार जुनी आहे. आंध्र प्रदेशांत गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरच्या आसपास क्रोशाच्या लेसचा मोठा धंदा आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत तो तेथें रुजविला. मारिया मीस या जर्मन विदुषीनें तेथील स्त्रियांवर लिहिलेलें पुस्तक १९८२ सालीं प्रसिद्ध झालें. त्या स्त्रिया परदेशच्या बाजारासाठीं दिवसाचे तासन् तास विणतात; तरी त्यांस कामगार न म्हणतां रिकाम्या वेळांत विणणाऱ्या गृहिणी म्हटलें जातें आणि मजुरीही त्याच मापानें ठरते, हें तिनें दाखवून दिलें. जेथें विणण्याची ही गत, तेथें विणल्यानंतरच्या धुण्या-ताणण्याचें मोल कोण करणार? पण वस्तु पाहणाराच्या डोळ्यांपुढें येते ती याच कामानंतरच्या रूपांत.

मात्र ताणून वाळविल्यानें काय साधतें आणि काय साधत नाहीं, हें आधीं नीट समजून घेतलें पाहिजे. वर्तुळाची त्रिज्या जितकी वाढते, त्याच्या सुमारें सव्वासहा पट परिघ वाढतो, हें गणित मराठी शाळेंतील मुलासही येतें. परंतु त्याचा उपयोग आई पुढच्या ओटीवर बसून करीत असते, हें त्यास कोणी सांगत नाहीं. खांबांची एक फेरी घातली कीं रुमालाची त्रिज्या एका खांबाच्या उंचीइतकी वाढते. खांब हा रुंदीच्या साधारण दुप्पट उंच असतो. तेव्हां प्रत्येक फेरींत सुमारें १२ खांब वाढवावे लागतात. पहिल्या फेरींत १२, दुसरींत २४, तिसरींत ३६ असा हा क्रम जातो. मुका खांब जवळजवळ जितका उंच तितकाच रुंद, म्हणून त्यास फेरीमागें ६ पुरतात. यापेक्षां कमी वाढविले तर रुमालाची वाटी होऊं लागते. जास्त वाढविले तर कडेला झालर सुटते. विणणारीचा हात थोडा घट्ट किंवा सैल असेल, एखादा खांब कमीजास्त झाला असेल, तर तेवढी चूक ताणण्यानें पोटांत घातली जाते. परंतु दर फेरीस तीन-चार खांबांची तूट असेल, तर ओला रुमाल टांचण्यांनीं सपाट बसेल आणि टांचण्या काढल्यावर हळूहळू पुन्हां वर उचलूं लागेल. अशा वेळीं उसवणें हाच उपाय, आणि तो सातव्या महिन्यांत करण्यापेक्षां सातव्या फेरीस केलेला बरा. म्हणून दर चार-पांच फेऱ्यांनीं काम मेजावर पसरून त्यावरून तळहात फिरवून पाहावा.

सुती दोरा ओला केल्यावर वळतो आणि वाळल्यावर तसाच राहतो, याचें कारण कापसाच्या तंतूंत आहे. तंतूमधील लांब साखळ्या एकमेकींस धरून असतात. पाणी आंत शिरलें कीं तंतु फुगतो, ही पकड ढिली होते आणि दोरा नेऊं तिकडे जातो. पाणी निघून गेलें म्हणजे साखळ्या नव्या जागीं पुन्हां एकमेकींस धरतात. यावरून दोन गोष्टी निघतात. दोरा आंतपर्यंत भिजला पाहिजे, वरवर पाणी शिंपडून भागणार नाहीं. आणि टांचण्या पुरतें वाळल्याशिवाय काढतां कामा नयेत. पुढच्या धुण्यांत ही सर्व मेहनत विरघळून जाते व तीच क्रिया पुन्हां करावी लागते, तेंही याच कारणानें.

धुण्यापूर्वीं दोऱ्याचीं टोंकें आंत घ्यावयाचीं. त्यांस गांठ मारूं नये; गांठ उलट्या बाजूस खड्यासारखी हातास लागते आणि कधीं तरी सुटतेच. वीतभर टोंक राखून तें बोथट सुईनें खांबांच्या पोटांतून दोन-तीन इंच न्यावें, मग दिशा बदलून थोडें परत आणावें. उरलेलें टोंक मात्र लगेच कापूं नये. ताणतांना दोरा थोडा सरकतो. आधींच कापलेलें टोंक अशा वेळीं उजव्या बाजूस डोकावतें. कात्री लावावयाची ती सर्व वाळल्यावर.

महिनोन् महिने हातांत खेळलेला दोरा दिसतो त्याहून मळलेला असतो. कोमट पाण्यांत सौम्य साबणाचा फेंस करून त्यांत रुमाल अर्धा तास बुडवून ठेवावा आणि तळव्यांनीं दाबून धुवावा. आपटणें, घासणें व पिळणें हीं तिन्ही वर्ज्य. रंगीत दोरा असेल तर आधीं त्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यांत दाबून पाहावा. लाल रंग विशेष दगा देतो. दोनतीन पाण्यांतून साबण पुरता निघाला कीं रुमाल जाड पंचावर पसरावा, पंचासकट गुंडाळी करावी आणि ती दाबावी. पाणी पंचा पिऊन घेतो आणि विणीस पीळ बसत नाहीं.

खळीविषयीं प्रत्येक घराचा अभिमान निराळा. भाताच्या पेजेची खळ सोपी खरी, पण ती वस्त्रगाळ केली नाहीं तर कण जाळीच्या घरांत अडकून बसतात. साबुदाण्याची खळ चांगली उतरते. बेताच्या ताठपणासाठीं कॉर्नफ्लोअर किंवा अरारूट मोठा चमचाभर घेऊन थंड पाण्यांत कालवावें, दोन पेले उकळत्या पाण्यांत ढवळीत ओतावें आणि पारदर्शक होईपर्यंत शिजवावें. कोमट झाल्यावर त्यांत रुमाल बुडवून दाबून काढावा. परडीसारखी उभी राहणारी वस्तु साखरेच्या दाट पाकांत बुडविण्याची युक्ति कोणी सांगतात. वस्तु ताठ होते हें खरें. पण मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत ती चिकट होते आणि मुंग्यांस आमंत्रण जातें.

आतां मुख्य काम. जुनें कांबळें चौपदरी घालून त्यावर कागद पसरावा. कागदाच्या मध्यावर टांचणी रोवून तीस दोरा बांधावा, दोऱ्याच्या दुसऱ्या टोंकास पेन्सिल धरावी आणि हवें त्या मापाचें वर्तुळ काढावें. शाई व बॉलपेन यांपासून दूर राहावें. १६ कंगोरे असतील तर वर्तुळाचे आधीं दोन, मग चार, आठ व सोळा भाग करणें सोपें जातें. कागदावर स्वच्छ प्लॅस्टिकचा पातळ पडदा घालावा, म्हणजे पेन्सिलीचा शिसा दोऱ्यास लागत नाहीं. टांचण्या पितळेच्या किंवा न गंजणाऱ्या पोलादाच्याच घ्याव्या. साध्या लोखंडी टांचणीनें एका रात्रींत तांबेऱ्याचा ठिपका पडतो. तो लिंबू-मिठानें उन्हांत निघतो. पण आम्लानें दोरा कमजोर होतो, म्हणून नंतर तो पुष्कळ पाण्यानें धुवावा लागतो. प्रथम मध्य, मग समोरासमोरचीं दोन टोंकें, मग त्यांस काटकोनांत दोन, मग मधलीं चार, अशा क्रमानें टांचण्या लावाव्या. एका बाजूनें सुरुवात करून ओळीनें लावीत गेल्यास सगळी ओढ शेवटच्या कंगोऱ्यांवर येते. बहुतेक लंबगोल रुमालांचें मूळ येथें असतें. टांचणी दोऱ्यांतून न टोंचतां कंगोऱ्याच्या टोंकाच्या फांसांत घालून बाहेरच्या बाजूस किंचित कलती रोवावी. चौकोनी काम असेल तर चार बाजू सारख्या झाल्या म्हणून थांबूं नये. दोन्ही कर्ण मोजावे. बाजू सारख्या असूनही चौकोन तिरपा असूं शकतो, हें युक्लिडच्या काळापासून ठाऊक असूनही दर घरांत नव्यानें शिकलें जातें.

नंतर रुमालास हात लावूं नये. एप्रिलच्या देशावरील हवेंत अर्धा दिवस पुरतो. पावसाळ्यांत मुंबईस दोन दिवसही लागतात आणि पंखा लावून ठेवावा लागतो, नाहीं तर खळीस कुबट वास येतो. वाळलें कीं नाहीं हें बोटापेक्षां गालास लवकर कळतें. ओलावा उरला असेल तर पाणी उडतांना उष्णता घेतें आणि दोरा थंड लागतो. इस्त्रीची बहुधा गरज पडत नाहीं. पडलीच तर जाड पंचावर काम उलटें ठेवून इस्त्री फक्त टेंकावी, ओढूं नये. आयर्लंडमध्यें १८४५ पासूनच्या दुष्काळांत असंख्य घरांस ज्या क्रोशानें हातभार लावला, त्यांतील उठावाचे गुलाब वरून इस्त्री फिरवितांच चपटे होतात. तीच गत कोणत्याही उठावाच्या फुलाची.

हें सर्व सुती दोऱ्याचें झालें. लोकरीचें काम पाण्यांत चोळल्यास आटून नमद्यासारखें होतें. तें नुसतें भिजवून हलक्या हातानें पसरावें. आजकाल पुष्कळ विणकाम ॲक्रिलिकचें असतें. त्यावर पाण्याचा परिणाम थोडा आणि उष्णतेचा फार. गरम इस्त्री किंवा जोराची वाफ लागली कीं दोऱ्याची उभारी जाते, ती कोणत्याही उपायानें परत येत नाहीं. साडीस किंवा उशीच्या अभ्र्यास लावावयाची लेस असेल तर लेस आणि कापड दोन्ही आधीं धुवून घ्यावीं. एरवी पहिल्या धुण्यांत एक आटतें, दुसरें आटत नाहीं, आणि शिवण चुण्या धरते.

ठेवणीच्या कामास खळ नसावी. खळ हें कसरीचें आवडतें खाद्य आहे. शिवाय ताठ दोरा घडीवर मोडतो. आजीच्या हातचा जुना रुमाल असेल तर तो धुवून, खळ न देतां, नुसता पसरून वाळवावा. घडी न घालतां धुतलेल्या मलमलीसह पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावा. नळीवरही आधीं मलमलीचा पदर द्यावा. वर्तमानपत्राच्या कागदांत गुंडाळल्यास तो पिवळा पडतो.

रुखवतांतील रुमाल मात्र मुलीबरोबर सासरीं जातो. वर्षा-सहा महिन्यांनीं तो धुतला जाईल, आणि त्या दिवशीं आईनें बसविलेलें वर्तुळ पाण्यांत सुटून जाईल. म्हणून ज्या कागदावर तें वर्तुळ काढलें, तो टाकून देऊं नये. सोळा खुणांसकट त्याची सुरळी करावी, डबीभर पितळी टांचण्या बरोबर घालाव्या आणि रुमालाच्याच नळींत तो सरकवून द्यावा.