आजीचा आड



नाथमहाराजांची गोष्ट आपल्या सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक आहे. काशीहून गंगेची कावड खांद्यावर घेतलेली, रामेश्वराला अभिषेक करायचा म्हणून निघालेले. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेनं तडफडताना दिसलं. महाराजांनी कावड उतरवली आणि सगळी गंगा त्या गाढवाच्या मुखात ओतली. रामेश्वर तिथंच पावला. आपण ऐकतो, माना डोलावतो, डोळ्यांतून पाणी काढतो. हो का नाही?

आता माझी आजी या गोष्टीवर काय म्हणायची ते ऐका. ती म्हणायची, "बाबा, गाढवाला हात न्हवतं, म्हणून नाथांनी ओतलं. माणसाला द्येवानं हात दिल्यात." आज आजीचं पुण्यस्मरण आहे. हे ती का म्हणायची, तेवढंच सांगायला मी उभा आहे. यात माझीही एक चूक आहे. ती कीर्तनाच्या गादीवरूनच कबूल केली पाहिजे, म्हणून सांगतो.

आमचं गाव माणदेशातलं, शिखर शिंगणापूरच्या डोंगराच्या खालच्या अंगाला. पावसाचं गाव नव्हे. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ. अक्षराची ओळख नाही, पण हरिपाठ तोंडपाठ. माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामाला आली, की आदल्या रात्री आमच्या घरी चार चुली पेटायच्या. आळीतल्या बायका जमायच्या, भाकरी थापायच्या, आणि पहाटे गाडी जुंपून टोपल्या दिंडीला पोचवायच्या. गावात कुणाची बाळंतीण अडली, आजी हजर. कुणाच्या घरी मयत झालं, तर तीन दिवस पिठलं-भाकरी आमच्या घरातून. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लोक त्याला १९७२ चा म्हणतात, पण पाण्याचा खरा कडाका १९७३ च्या उन्हाळ्यात. ज्यांनी पाहिलाय ते इथं बसलेत, त्यांना विचारा. जनावरं छावणीला नाहीतर बाजाराला. गडीमाणसं, बायाबापड्या सगळी दुष्काळी कामावर खडी फोडायला. खायला तो लाल मिलो आणि सुकडी. गावच्या विहिरी तळाला गेल्या. आमच्या परड्यातल्या आडाला मात्र झरा होता. पाणी खोल गेलं, पण तुटलं नाही. आजीनं सांगून टाकलं, "पाणी पांडुरंगाचं हाय. गावानं यावं, घराला दोन घागरी."

गाव येऊ लागलं. ज्यानं त्यानं आपल्या हातानं शेंदावं, घागर भरावी. पण खालच्या आळीच्या बायका यायच्या, त्या परड्याच्या गडग्याबाहेर थांबायच्या. त्यांनी दोराला हात लावायचा नाही, ही रीत. मग आजी स्वतः शेंदायची आणि वरून त्यांच्या घागरीत ओतायची. दीडदीड तास. हाताला फोड आले तिच्या. आम्हाला केवढा अभिमान वाटायचा!

एक दिवस त्यातली एक बाई, दिवसभर खडी फोडून आलेली, तिची पाळी आली तशी तिनं घागर उलटी केली. म्हणाली, "आक्का, तुमचं पाणी ग्वाड हाय. पर वरनं वतल्यालं पाणी घशाखाली उतरत न्हाई. ह्ये हात सरकारच्या खडीला चालत्यात, तुमच्या दोराला का चालत न्हाईत?" आणि मोकळी घागर घेऊन निघून गेली. घरात दोन लहान लेकरं होती तिच्या.

त्या रात्री आजी जेवली नाही. देवापुढं बसली होती. मध्यरात्री मला जाग आली, तर आजोबांना सांगत होती, "दर साली पंढरीला जाते. म्हाद्वारात चोखोबाच्या समाधीवर डोकं ठेवते. आन् चोखोबाच्या लेकीच्या हातात माझा दोर देत न्हाई. मग म्या डोकं कशाला ठेवते?"

माउली, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी १९२७ साली ओंजळ भरली. साने गुरुजींनी पंढरपुरात प्राण पणाला लावले, ते १९४७ साली. आणि आमच्या गावात १९७३ उजाडलं, तरी ती बाई गडग्याबाहेरच उभी होती. लांब कशाला, माझ्या आजीच्या परड्यात, माळ घातलेल्या घरात ही गोष्ट.

सकाळी आजी स्वतः खालच्या आळीत गेली. त्या बाईला म्हणाली, "चल, तुझं तू शेंद." गावात बोंब झाली. भावकी दारात आली, आडाला वाळीत टाकू म्हणाली. आजी म्हणाली, "टाका. पाणी न्हाई आटायचं त्यानं."

आता माझी चूक. मी दहा वर्षांचा. रात्री भावकीतल्या एका वडीलधाऱ्यानं मला बाजूला घेतलं, हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाले, दोर सोडून गंजीत लपव. मी लपवला. गूळ खाल्ला. खोटं कशाला सांगू, गोड लागला.

पहाटे बायका आल्या. रहाट मोकळा. आजीनं सगळ्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. काही बोलली नाही. घरात गेली आणि आषाढीला नेसायचं ठेवणीतलं लुगडं घेऊन आली. पीळ घातला, पोहऱ्याला बांधलं. आड खोल, एक लुगडं पुरेना. अंगावरचं बदलून त्यालाही गाठ मारली. टोक त्या बाईच्या हातात दिलं, "हं, धर." तिनं शेंदलं. पहिली ओंजळ आजीनं घेतली तिच्या हातून, सगळ्यांच्या देखत, आणि प्याली.

रात्री मला जवळ घेऊन एवढंच म्हणाली, "दोर कुनी सोडला मला ठावं हाय. उद्या तूच बांधायचा. आन् पावसाळा येईस्तवर रोज तूच बांधायचा." मी बांधला. रोज पहाटे त्या बायकांच्या समोर.

असं समजू नका, की मग सगळं गोड झालं. माझ्या आत्याची ठरलेली सोयरीक मोडली. तिचं लग्न दोन वर्षं लांबलं. आत्या पुढं आजीवर रागावून म्हणायची, "तुझ्या पुण्याचं मोल मी भरलं." आजी गप्प ऐकायची, नाही म्हणायची नाही. धर्माचं काम केलं की घरातल्या दुसऱ्याला झळ लागते. ते लपवून ठेवलं, तर कीर्तन खोटं होईल.

पुढं भावकीतलेच दोघं-तिघं ज्येष्ठात रात्री अंधारात घागरी घेऊन आले. आजीनं कंदील दाखवला, शब्द बोलली नाही.

कितीक वर्षांनी आजी गेली. अंगणात माणसं मावेनात. शेवटच्या आंघोळीला पाणी हवं होतं. कुणी काही म्हणायच्या आधी ती बाई उठली. केस पांढरे, पाठ वाकलेली. आडावर गेली आणि दोर हातात घेतला. ज्या घरात तिला गडग्याबाहेर उभं केलं होतं, त्या घराच्या मालकिणीला शेवटचं पाणी तिनं शेंदलं. कुणी अडवलं नाही. मी शेजारी उभा होतो, माझ्यानं डोकं वर करवलं नाही.

माउली, आता घरोघरी नळ आलेत. वारीत आपण पाणी वाटतो, केळी वाटतो, फराळ वाटतो. वाटा, जरूर वाटा. पण ओतणं सोपं आहे, त्यात आपला हात वर राहतो. दोर दुसऱ्याच्या हातात देणं अवघड. आपापल्या गावी गेलात, की सप्त्याच्या पंगतीत बघा, पळी कुणाच्या हातात असते आणि खरकटं कोण काढतं? देवळाच्या बैठकीत सतरंजीवर कोण, उंबऱ्याबाहेर कोण? ज्याचा हात अजून दोराला लागला नसेल, त्याला यंदा बोलवा. म्हणा, "चल, तुझं तू शेंद."

आणि ज्यानं लपवला असेल, त्यानं उद्या पहाटे उठून बांधावा. मला आजीनं तेवढी संधी दिली, तुम्हालाही पांडुरंग देतो.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!