टाकीवरचे अक्षर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पापडावर बोलते, कोणी हळदीकुंकवावर. मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, मी मोटारसायकलच्या रंगावर बोलेन. सगळ्या हसल्या. हसा, पण ऐकून घ्या.

माझ्या धाकट्या दिरांची बुलेट होती, काळी. भावजी २०१९ साली आजाराने गेले. तेव्हापासून गाडी आमच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. तिच्या टाकीवर त्यांनी एका पेंटरकडून सोनेरी रंगात 'आई' अशी दोन अक्षरे काढून घेतली होती. सासूबाईंना आता नीट दिसत नाही. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या पडवीत जात आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवीत. कोणी काही बोलत नसे.

आपल्या सफाळ्याची हवा खारी. केळवे, एडवणचा वारा इथवर येतो आणि लोखंड खातो. टाकीला खालून गंज चढला. माझा मुलगा म्हणाला, "आई, रंग काढून गंज घासला नाही तर टाकीला भोक पडेल." सासूबाई आधी नाहीच म्हणाल्या. दोन दिवसांनी म्हणाल्या, "कर. पण माझी अक्षरं मला परत हवीत."

आपण भरतकामाला खाका करतो ना, तसाच मी बटरपेपर टाकीवर ठेवून अक्षरांचा खाका उतरवला, सुईने बारीक भोके पाडली आणि कागद ट्रंकेत ठेवला. तेवढे शहाणपण सुचले म्हणून बरे.

मुलाच्या मनात निराळेच होते. आधी म्हणाला, लष्करासारखा हिरवा रंग देऊ. मग त्यालाच कळले की ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच देता येतो, १९८९ च्या मोटार वाहन नियमांत तसे लिहिले आहे. मग लाल म्हणाला. पण गाडीच्या पुस्तकात रंगाची नोंद असते; रंग बदलायचा तर आर. टी. ओ. ची परवानगी आणि नवी नोंद लागते. डहाणूकडचा त्याचा एक मित्र म्हणाला, वारली चित्रे काढा. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती त्याच चित्रांसाठी, मला ती फार आवडतात. पण लग्नाचा चौक सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर लिहायचा. तो पेट्रोलच्या टाकीवर आणावा हे काही मला पटले नाही. शेवटी काळाच ठरला.

आषाढात एका गॅरेजात काम दिले, आणि तीच चूक झाली. भर पावसात रंग मारला. हवेत ओल असली की थिनर उडताना ती ओल रंगात धरली जाते आणि रंगावर दुधासारखी झाक येते. तशी आली. शिवाय खालचा गंज पुरता काढलाच नव्हता. महिन्याभरात फोड आले. पैसे गेले ते गेलेच, पण जुनी अक्षरेही घासून गेली होती. सासूबाईंनी बोट फिरवले आणि न बोलता आत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दिवाळीनंतर कोरड्या हवेत आम्ही घरीच केले. पेट्रोल काढून टाकी उघडी ठेवली. रिकाम्या टाकीत वाफ राहते, म्हणून चूल आणि विडी दोन्ही लांब. लोखंड दिसेपर्यंत घासले. मग प्रायमर, खळग्यांत पुट्टी, पुन्हा पाणी लावून चारशे नि सहाशे नंबरचा वॉटर पेपर. हे काम मी केले. पाटा धुण्यासारखेच आहे, हाताला कळते कुठे खडबडीत राहिले ते. स्प्रेगन मुलाने भाड्याने आणली. वीतभर अंतरावरून पातळ हात द्यायचा, थांबायचे, मग दुसरा. घाई केली की ओघळ येतो. वरचे लॅकर हार्डनर घालून मारतात, त्याची वाफ छातीला वाईट, दमासुद्धा लागतो. साधा रुमाल उपयोगाचा नाही. मुलाने कारखान्यातला मित्र विचारून बरोबर गाळणीचा मास्क आणला आणि आम्हा सगळ्यांना परसात घालवून दिले.

आता अक्षरे. मुलगा म्हणाला, आधी अक्षरे काढू, वरून लॅकर मारू, म्हणजे टिकतील. मी म्हटले, लॅकरखाली गेलेले अक्षर बोटाला लागेल का रे? तो गप्प झाला. लॅकर आठ दिवस वाळू दिले. खाका ठेवून पावडरची पुरचुंडी आपटली, ठिपके उमटले. भरतकामात आपण रॉकेल लावतो, ते इथे चालत नाही, रंग धरत नाही. मग लांब केसांचा ब्रश आणि सोनेरी इनॅमल. चुकले तर टर्पेंटाइनच्या बोळ्याने लगेच पुसता येते. मी चार वेळा पुसले.

टाकीच्या कडेची सोनेरी रेघही मीच ओढली. मद्रासेकडे बुलेटच्या कारखान्यात ही रेघ वर्षानुवर्षे हातानेच ओढत आले, दोन भाऊ ते काम करीत, असे मुलाने मोबाईलवर दाखवले. ते एका दमात ओढतात. मी रांगोळीच्या सवयीने श्वास धरून ओढली. उजवीकडची बरी आली, डावीकडची जरा डुलली आहे. ती तशीच ठेवली.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर सासूबाईंना पडवीत नेले. त्यांनी टाकी चाचपली, अक्षरे सापडली. दोनदा बोट फिरवले. म्हणाल्या, "'ई'वरचा तुरा जाड झालाय गं. त्याचा बारीक होता."

मी म्हटले, "पुसून पुन्हा काढू का?"

"नको," म्हणाल्या, "राहू दे." आणि मुलाला म्हणाल्या, "आता चालू कर बघू, आवाज ऐकू दे."