रुग्णाची चादर



परिचारिकेचे काम केलेली बाई औषधपाण्याविषयी सांगेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी बोलणार आहे चादरींविषयी. १८५४ साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेल्या, तेव्हा त्यांनीदेखील जवळच एक घर भाड्याने घेतले, त्यात पाणी तापवण्याची सोय केली आणि शिपायांच्या बायकांना धुण्याच्या कामावर ठेवले.

आपल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीकडची पुष्कळ नर्सिंग होम्स इमारतीच्या एखाद्या मजल्यावर, दहा-पंधरा खाटांची. धुण्याला जागा म्हणजे न्हाणीघर आणि गच्ची. उन्हाळ्यात भागते. आषाढ-श्रावणात चादर दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि दमटच अंथरली जाते. म्हणून खाटेमागे तीन संच हवेत: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात मी चौथा मागत असे. मालक कुरकुरत, पण देत.

एका प्रसूतिगृहात मी होते, नाव सांगत नाही. तिथे धुण्याचे मोठे मशीन आले, आणि आम्ही निर्धास्त झालो. पुढे दोन-तीन तान्ह्या बाळांच्या अंगावर पुळ्या दिसल्या. चादरींमुळेच आल्या, असे मी म्हणणार नाही. पण शोध घेऊ लागलो. मशीन उघडले तो काय, बोअरच्या पाण्याच्या क्षारांनी हीटरची कॉइल जळालेली! किती दिवस गार पाण्यात धुणे चालले होते, कोण जाणे. चादरी दिसायला पांढऱ्याशुभ्र, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. जंतू मरायला पाणी ७१ अंशांपर्यंत तापून निदान तीन मिनिटे तसेच राहावे लागते. त्या दिवसापासून दर सोमवारी तापमान पाहून वहीत लिहायचे, असे ठरले. जाळी काढून धुवायची, दाराचे रबर पुसायचे, काम झाल्यावर दार उघडे ठेवायचे, नाहीतर आत काळी बुरशी धरते. आणि ड्रम ठासून भरायचा नाही. कपड्यांना घोळायला जागा लागते.

धुणाऱ्या मावशींची आठवण कुणी काढत नाही. चादरीच्या घडीत राहिलेली सुई एकदा आमच्या मावशींच्या बोटात घुसली. रक्ततपासण्यांचे निकाल येईपर्यंत त्या माउलीला झोप नव्हती. तेव्हापासून चादर काढणाऱ्या नर्सनेच ती आधी तपासायची, न झटकता गुंडाळायची आणि मावशींना जाड हातमोजे द्यायचे, असा मी नियम केला.

आपल्या शिवणवर्गाने यंदा अभ्रे शिवायचे मनावर घेतले आहे. कापड सुती घ्या, उकळत्या पाण्याला टिकणारे. आणि बटणे नकोत, नाड्या लावा.