पोटगी हवी, पण भयाच्या मोबदल्यात नको



पतीच्या मारहाणीमुळे मुलांसह घर सोडलेल्या स्त्रीला पोटगीचा आदेश मिळाला की तिची फरफट संपली, असा समज आहे. प्रत्यक्षात दरमहा पैशासाठी तिने त्याच उंबरठ्यावर जायचे, अथवा पैसे देण्याच्या निमित्ताने त्याने तिचा नवा पत्ता हुडकायचा! मुलांच्या दुधाचा पैसा असा धमकीचे साधन बनतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात यावर उपाय आहे. कलम १८ अन्वये पतीला कोणत्याही मार्गाने संपर्क साधण्यास मनाई करता येते. त्याने रक्कम थकविल्यास, कलम २० अन्वये दंडाधिकारी त्याच्या मालकाला पगारातील हिस्सा थेट पत्नीला देण्यास वा न्यायालयात भरण्यास फर्मावू शकतात. तिची इच्छा असल्यास निवारागृहानेही तिचा ठावठिकाणा गुप्तच राखायचा असतो. मात्र हे संरक्षण अर्जात मागावे लागते. संरक्षण अधिकारी त्यासाठी साहाय्य करतात.

समाजाचे कर्तव्य याहून साधे आहे. समेटाच्या सद्हेतूनेही तिचा पत्ता कोणी सांगू नये. ‘जाऊन घेऊन ये’ असे तिला म्हणू नये. लेकरांचा घास हा त्यांचा हक्क आहे. त्यासाठी आईने पुन्हा मार का खावा?